न मागितलेली भाकरी

दिवाळीच्या अंकात भुकेची गोष्ट काढू नये, असे कोणी म्हणेल. घरात चकल्यांचा घाणा चालू आहे, करंज्यांचे सारण परातीत निवत पडले आहे, आणि अशा वेळी दुष्काळाचे नाव काढणे म्हणजे पंगतीत बसून रडगाणे गाण्यासारखे. पण फराळाचा विचार आला की मला हटकून आमची आजी आठवते. दिवाळीच्या पहिल्या दिवशी, घरातल्या मुलांनी लाडवाला हात लावण्याआधी, ती एक ताट भरून, वर रुमाल टाकून मागल्या दाराने पाठवीत असे. ते ताट वाड्यातल्या एका गरीब विधवेकडे जाई. पुढल्या दाराने का नाही, असे मी एकदा विचारले. आजी म्हणाली, "अरे, तिकडून गेलं की चार जणांना दिसतं." एवढेच बोलून ती पुन्हा तळणाकडे वळली.

पुढे पंडिता रमाबाईंचे आत्मकथनपर लेखन वाचताना एका ठिकाणी मी थबकलो, तेव्हा आजीचे ते मागले दार डोळ्यांपुढे उभे राहिले. ती हकीकत आधी सांगतो.

१८७४ चे साल. दक्षिणेत दुष्काळाने कहर केला होता. अनंतशास्त्री डोंगरे नावाचे एक वृद्ध विद्वान, त्यांची पत्नी लक्ष्मीबाई आणि तीन मुले तीर्थातीर्थाच्या ठिकाणी पुराणे सांगत फिरत होती. शास्त्रीबुवांनी बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकविले, हा त्यांचा त्या काळातला मोठा गुन्हा. धाकटी रमा, जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानातला. सोळाव्या वर्षी तिला भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत होते, आणि पोटात अन्नाचा कण नव्हता. पैसा संपला, भांडी विकली, दागिने विकले. भिक्षा मागायची नाही आणि मजुरी करणे ब्राह्मणाला शोभत नाही, या दोन आडकाठ्यांमध्ये ते कुटुंब अक्षरशः उपाशी मरत होते. रानातली पाने आणि बोरे खाऊन दिवस काढले. बोरांच्या आठळ्यासुद्धा गिळल्या. शेवटी थोरला भाऊ श्रीनिवास मजुरीला तयार झाला, पण तोवर वडिलांचे आयुष्य सरले होते. त्यांचे प्रेत धोतरात बांधून मुलाने पाठीवरून नेले.

राहिलेली माणसे चालत चालत निजामाच्या राज्यातल्या रायचूरला येऊन पडली. आई तापाने फणफणलेली. शेजारी एक ब्राह्मण कुटुंब राहत होते. आईला अन्नाची वासना झाली, आणि तिने रमेला सांगितले, जा, त्या बाईंकडून बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागून आण.

रमा गेली. बाई तिच्याशी गोड बोलल्या. पण मागण्याचा शब्द काही केल्या तोंडातून फुटेना. सगळे बळ एकवटून तिने डोळ्यांतले पाणी अडविले, तर ते नाकावाटे वाहू लागले. असे तिने स्वतःच पुढे लिहून ठेविले आहे, आणि हा तपशील कोणाला कल्पनेने सुचणार नाही. त्या बाईंनी मुलीच्या तोंडाकडे पाहिले. काय ते त्यांच्या ध्यानात आले. त्यांनीच विचारले, तुला काही खायला हवे का? तेव्हा कोठे रमा म्हणाली, थोडी बाजरीची भाकरी तेवढी हवी. भाकरी मिळाली. आभाराचा शब्दही न बोलता ती आईकडे धावत आली. पण आईला तो घास गिळवेना. थोड्याच दिवसांत ती गेली. प्रेत उचलायला माणसे मिळेनात. दोन ब्राह्मणांना दया आली. तिसरा श्रीनिवास आणि चौथी रमा. तिची उंची पुरेना, म्हणून तिने आपल्या बाजूची तिरडी डोक्यावर घेतली आणि तीन मैलांवरचे स्मशान गाठले.

रायचूरच्या त्या बाई हिंदू होत्या, आणि ख्रिस्ती प्रीतीच्या इतिहासाचा आरंभ मी त्यांच्यापासून करतो आहे, याचे कोणास नवल वाटेल. पण रमाबाईंच्या पुढल्या सगळ्या कामाकडे पाहिले, की त्या भाकरीचा तुकडा मला जागोजाग सापडतो. मागणाऱ्याला मागण्याची लाज सोसावी लागू नये, म्हणून त्याच्या तोंडाकडे आधी पाहायचे, ही गोष्ट त्या रायचूरलाच शिकल्या.

'प्रीती' या शब्दाबद्दल येथेच सांगून टाकतो. आपल्या नाटककारांनी आणि कादंबरीकारांनी तो नायक-नायिकांना देऊन टाकला आहे. मराठी ख्रिस्ती कुटुंबांत मात्र तो शेजाऱ्यासाठी, आजाऱ्यासाठी, दारात आलेल्या पांथस्थासाठी वापरतात.

आईमागून थोरली बहीणही गेली. मग भाऊ आणि बहीण काश्मीरपर्यंत पायी हिंडली. झेलमच्या काठी कडाक्याच्या थंडीत पांघरूण नव्हते, तेव्हा वाळूत खड्डे खणून, अंगावर वाळू ओढून ती झोपली. १८७८ साली कलकत्त्याला पोचल्यावर तेथल्या पंडितांनी रमेला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरविले. पुढची घटनामाला वाचकांना ठाऊक असते, म्हणून ती झपाट्याने सांगतो. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी, जातीबाहेर, विवाह झाला. १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म, १८८२ च्या आरंभी वैधव्य. मग पुणे, आर्य महिला समाज, आणि १८८३ साली लहान मुलीला घेऊन विलायतेस प्रयाण.

इंग्लंडात वाँटेज येथे त्या मठवासी भगिनींच्या आश्रयाला राहिल्या. धर्मांतर करायचे नाही, असा निश्चय करून गेलेली ही बाई त्याच वर्षी, २९ सप्टेंबर रोजी बाप्तिस्मा घेती झाली. कशाने? तत्त्वज्ञानाच्या वादात त्यांना हरविणारा तेथे कोण होता? शास्त्रे त्यांना तोंडपाठ होती. त्यांनी स्वतः सांगितलेले कारण अगदी साधे आहे. भगिनींनी त्यांना लंडनजवळ फुलम येथे नेले. तेथे वाईट मार्गाला लागलेल्या बायकांसाठी एक घर होते. ज्या बायकांची सावली चांगल्या घरातल्या माणसांनी टाळावी, त्यांच्याशी या शिकल्यासवरल्या भगिनी ममतेने बोलत होत्या, त्यांची सेवा करीत होत्या. रमाबाईंनी असे दृश्य जन्मात पाहिले नव्हते. अशा बायकांना आपल्याकडे काय मिळते, हे मात्र त्यांना पुरते ठाऊक होते. हे तुम्ही का करता, असे त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली.

ती कथा आपल्याकडच्या माणसाला जितकी लवकर समजते तितकी युरोपातल्या माणसाला समजत असेल की नाही, याची मला शंका आहे. भर दुपारी येशू एका विहिरीपाशी दमून बसतो. परक्या, हलक्या मानलेल्या जमातीची, गावात बदनाम झालेली एक बाई पाणी भरायला येते, आणि तो तिच्याजवळ प्यायला पाणी मागतो. ती चकित होते. माझ्या हातचे पाणी तुम्ही पिणार? ज्या देशात पाणवठ्यावरून माणसाची पायरी ठरत होती, त्या देशातून आलेल्या ब्राह्मणकन्येला या एका प्रश्नात सगळे सापडले असले तर त्यात आश्चर्य नाही.

त्यानंतर काही वर्षे अध्यापनात आणि प्रवासात गेली. १८८६ साली त्या अमेरिकेला गेल्या, ते आनंदीबाई जोशी डॉक्टर होताना पाहावे म्हणून. तेथल्या लोकांनी बोस्टनला मंडळ काढून दहा वर्षे पैसा पुरविण्याचे कबूल केले, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ 'शारदा सदन' उघडले. दुसऱ्याच वर्षी ते पुण्याला आले. सदनात धर्मोपदेश करायचा नाही असे ठरले होते. उच्चवर्णीय विधवांचे सोवळेओवळे, खाणेपिणे, सगळे त्यांच्या घरच्या रीतीने चाले. पहिल्या विधवा विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई जोशी होत्या, देवरुखकडच्या, लहानपणीच विधवा झालेल्या.

पुण्यात मात्र वणवा पेटला. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत. दार उघडे असे. मुली आत जाऊन बसत. कोणी बोलावीत नसे, कोणी हाकलीत नसे. 'केसरी'ने यावर झोड उठविली. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले, आणि पंचवीसएक मुलींना पालकांनी घरी नेले. या प्रकरणात रमाबाईंची बाजू घेणे आज सोपे आहे. पण रानड्यांसारखा माणूस उगाच रागावत नाही. पालकांनी विश्वासाने मुली ठेविल्या, त्या विश्वासाची मर्यादा कोठवर, हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. दुसऱ्या बाजूने रमाबाई म्हणत, की माझ्या खोलीचे दार मी कोणाच्या तोंडावर का लावू? ज्या दारावर उभे राहून आपल्याला शब्द फुटला नव्हता, ते दार त्या कधी विसरल्या नसाव्यात. दोन्हीकडे काही खरे होते, आणि म्हणूनच तो वाद इतका कडू झाला.

त्याच वर्षी, त्याच पुण्यात, ११ मार्चला गोदूबाईंनी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. सदनात राहूनही त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. आनंदीबाई कर्वे म्हणून त्या सर्वांना ठाऊक आहेत. कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला, तेव्हा विधवांचे घर आतून कसे चालते, मुलींचे केस कसे वाढू लागतात, पहिल्यांदा हसू कसे येते, हे त्यांच्या घरातच कोणी तरी अनुभवलेले होते. योगायोग असा की कर्वे आणि रमाबाई एकाच महिन्यात, पाच दिवसांच्या अंतराने जन्मले. दोघांचे मार्ग वेगळे झाले. महाराष्ट्राने एकाला डोक्यावर घेतले, आणि दुसरीला बराच काळ उंबऱ्याबाहेर ठेविले.

मग १८९६ चा दुष्काळ आला. मध्यप्रांतात माणसे मरू लागली. रमाबाईंनी लिहिले आहे की बातम्या वाचून त्यांना स्वतःची उपासमार आठवली आणि पुण्यात बसवेना. हाताशी पैसा नव्हता. तरीही त्या निघाल्या. सरकारी अन्नछत्रांत आणि दुष्काळी कामांवर त्यांनी काय पाहिले, ते वाचवत नाही. पिठात माती मिसळलेली, मुलांच्या अंगावर हाडे आणि फोड, आणि तरुण मुलींच्या आसपास घिरट्या घालणारे दलाल. भुकेलेल्या मुलीची किंमत काय, हे त्या लोकांना नेमके माहीत होते. रमाबाईंनी सुमारे तीनशे मुली गोळा करून आणल्या.

आणल्या खऱ्या, पण ठेवायच्या कोठे? पुण्यात प्लेग. शहरात एवढी गर्दी करायला अधिकाऱ्यांनी मनाई केली. तेव्हा पुण्यापासून सुमारे ३४ मैलांवर, दौंडच्या वाटेवर केडगाव येथे घेतलेली जमीन उपयोगी पडली. मुळात तेथे फळबाग करून सदनाला उत्पन्न मिळवावे असा बेत होता. त्या माळावर गवताच्या झोपड्या आणि तंबू उभे राहिले.

इतिहासकार येथे संख्या देतात आणि पुढे जातात. मला मात्र त्या झोपड्यांपाशी थांबावेसे वाटते. दुष्काळातून आलेली मुलगी म्हणजे काय? डोक्यात उवा, अंगावर खरूज, पोट फुगलेले. चोरून खाण्याची, लपवून ठेवण्याची, दुसरीच्या हातातले हिसकून घेण्याची सवय. तिला 'बाळ' म्हटले तर ती चावायला धावते. अशा मुलींना सदनातल्या जुन्या मुलींच्या हवाली करण्यात आले. एकेकीने आपल्या वाटणीच्या मुलींची आई व्हायचे. म्हणजे तिला न्हाऊ घालायचे, उवा काढायच्या, फोड धुवून मलम लावायचे, रात्री ओरडत उठली तर जवळ घ्यायचे. या 'आया' कोण होत्या? बहुतेक बालविधवा, त्यांतल्या कित्येक ब्राह्मण घरांतल्या. कालपर्यंत ज्यांना सोवळ्यात पाण्याचा हंडा शिवला तर पाप होते, त्या आता कुठल्या कुठल्या जातींच्या पोरींची डोकी विंचरीत बसल्या होत्या. जातिभेद वाईट आहे असे व्याख्यान देणारे पुण्यात तेव्हा पुष्कळ होते. केडगावला तो फणीने आणि शिकेकाईने मोडला जात होता.

यात चुका झाल्या नाहीत, असे नव्हे. पुष्कळ मुली वाचल्या नाहीत. पुण्यात तर सदनातली एक तरुण मुलगी प्लेगच्या सरकारी रुग्णालयात नेली, ती परत हाती लागलीच नाही. रमाबाई गप्प बसल्या नाहीत. १८९७ साली त्यांनी 'बॉम्बे गार्डियन' पत्रात प्लेगव्यवस्थेवर जळजळीत पत्र लिहिले, आणि त्याचा प्रतिध्वनी विलायतेच्या पार्लमेंटापर्यंत गेला. साहेबाचा धर्म घेतला म्हणून ही बाई साहेबाची मिंधी झाली, असे म्हणणाऱ्यांनी हे पत्र जरूर वाचावे.

बोस्टनच्या मंडळाची दहा वर्षांची मुदत १८९८ मध्ये सरली. यापुढे केडगावची संस्था उघड ख्रिस्ती झाली आणि 'मुक्ती' या नावाने उभी राहिली. १९०० च्या सुमारास गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा रमाबाईंनी आपल्या सहकारी बायकांना तिकडे धाडले. पाहता पाहता वस्ती दोन हजारांच्या आसपास गेली. दोन हजार माणसांचा रोजचा स्वयंपाक आणि रोजचे पाणी, तेही दुष्काळी भागात! विहिरी खणल्या, शेती केली, गुरे पाळली, माग लावले, तेलाचा घाणा घातला. फसविल्या गेलेल्या बायकांसाठी 'कृपा सदन', म्हाताऱ्या आणि थकलेल्यांसाठी 'प्रीती सदन', आंधळ्यांसाठी 'बार्तीमी सदन' अशी घरे निघाली. मनोरमेने आंधळ्या मुलींना ब्रेल लिपी शिकविण्याचे काम हाती घेतले. कृपा सदन पाहिले म्हणजे फुलमच्या घराची आठवण होते. वाटेत सोळा वर्षे गेली होती, एवढेच.

येथे येणाऱ्या बहुतेकींनी पुढे बाप्तिस्मा घेतला. पोट भरले म्हणून घेतला, असे तेव्हाही म्हणत आणि आजही म्हणणारे आहेत. प्रत्येकीच्या मनात शिरून पाहणे कोणालाच शक्य नाही. मला एवढे दिसते, की अन्न आणि धर्म एकाच हाताने दिले गेले की घेणाऱ्याची मोकळीक कमी होते, आणि रमाबाईंच्या कामावरचा हा आक्षेप पुरता पुसता येत नाही. पण त्याच वेळी दुसरेही दिसते. ज्यांचा आक्षेप होता, त्यांच्यापैकी फारच थोडे त्या दलालांच्या आधी त्या मुलींपर्यंत पोचले होते.

रमाबाई स्वतः कशा राहत? पांढरे जाडेभरडे लुगडे, आणि जन्मभर शाकाहार. धर्म बदलला तरी ताट बदलले नाही. गोऱ्या पाहुण्यांना याचे नवल वाटे. शेवटच्या सतरा-अठरा वर्षांत त्यांनी एक अचाट काम आरंभिले. हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलाचे स्वतंत्र मराठी भाषांतर. प्रचलित भाषांतरात संस्कृत शब्दांची रेलचेल फार, असे त्यांना वाटे. मौज पाहा: ज्या बाईला संस्कृतासाठी 'सरस्वती' ही पदवी मिळाली, तीच बाई आपल्या वाक्यांतून संस्कृत शब्द वेचून बाहेर टाकीत होती, जशी एखादी गृहिणी तांदळातले खडे वेचते. कारण तिच्यापुढे पंडित नव्हते. कालपरवा अक्षर ओळखू लागलेली, दुष्काळातून आलेली मुलगी तिच्यापुढे होती. न कळलेल्या शब्दाचा अर्थ विचारायलाही तोंड उघडावे लागते, आणि सगळ्यांनाच ते उघडवत नाही.

हे पुस्तक छापलेही केडगावलाच. खिळे जुळविणाऱ्या बायका, मुद्रिते आणून देणाऱ्या बायका, पाने दुमडणाऱ्या आणि शिवणाऱ्या बायका. त्यांतल्या कित्येकींनी लहानपणी अन्नछत्रातली मातीमिसळ भाकरी खाल्ली होती.

१९२१ च्या जुलैमध्ये मनोरमा वारली, चाळीस वर्षांची होऊन. आईने काम थांबविले नाही. प्रकृती ढासळत होती. मुद्रिते तपासणे चालूच होते. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. केडगावलाच त्यांना पुरले. छापखान्यात पाने अजून अपुरी होती. बायकांनी दुसऱ्या दिवसापासून पुन्हा खिळे जुळवायला घेतले की चार दिवसांनी, ते मला ठाऊक नाही. पण १९२४ साली ग्रंथ बांधून तयार झाला.